ग्रूमिंगमध्ये जखम झाली तर

जुहूत केसाळ कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्याचं ग्रूमरवाचून फार काळ चालत नाही. सकाळी चौपाटीवर फिरून आलेल्या कुत्र्याच्या बोटांमध्ये ओली वाळू अडकलेली असते, पोटाखालच्या केसांत खारं पाणी वाळलेलं असतं, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर अंगावरचा केस धड सुकतच नाही. शिह त्झू, ल्हासा, गोल्डन रिट्रीव्हर, पर्शियन मांजर यांच्या कानामागे, काखेत, मांड्यांच्या मध्ये गुंता होतो आणि तो घरच्या कंगव्याला दाद देत नाही. मग जवळचं पार्लर, इमारतीखाली येणारी फिरती गाडी किंवा अॅपवरून बोलावलेला मुलगा, यांपैकी कुणाच्या तरी हाती आपण जनावर सोपवतो. बहुतेकदा काम छान होतं. कधीतरी मात्र कापलेला कान, रक्ताळलेलं नख, लाल झालेला डोळा किंवा लंगडणारा पाय घेऊन जनावर परत येतं.

अशा वेळी पहिल्यांदा राग येतो आणि तो येणारच. पण पुढचे दोन-तीन तास रागात गेले तर जनावराचंही नुकसान होतं आणि तुमच्या तक्रारीचंही. आधी जनावर, मग पुरावा, मग ग्रूमर, हा क्रम सोडू नका. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. चांगल्या, जुन्या ग्रूमरच्या हातूनही कधी कातडी कापली जाते. तेवढ्यावरून तो माणूस नालायक ठरत नाही. जखम झाल्यावर त्याने काय केलं, तुम्हाला लगेच फोन केला की केस फुगवून ती झाकली, यावरून त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवावं. लपवणाऱ्याला मी सवलत देणार नाही, कारण त्या लपवण्यात उपचाराचे मोलाचे तास जातात.

दुकानातून निघण्यापूर्वी

जनावर हातात आलं की तिथेच, काउंटरपाशी उजेडात, दोन मिनिटं तपासा. कानांच्या कडा बोटांत धरून टोकापर्यंत बघा. जीभ, ओठांचे कोपरे, डोळे बघा. काखेतली आणि मागच्या पायापुढची कातडीची पातळ घडी उलगडून बघा, कारण कात्री सर्वांत जास्त तिथेच लागते. गुंता ओढला की त्याखालची कातडीही तंबूसारखी वर उचलली जाते आणि केस समजून तीच कापली जाते. मग स्तनाग्रं, शेपटीचं टोक, गुदद्वाराभोवतीचा भाग आणि एकेक नख बघा. शेवटी जनावराला दहा पावलं चालवा. टेबलावरून पडलेला कुत्रा उभा असताना ठीक दिसतो, चालताना पाय उचलतो. टेबलावर गळ्यात अडकवलेल्या दोरीत तो लटकला असेल तर खोकला येतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलेलं दिसतं.

काही सापडलं तर तिथेच फोटो आणि छोटा व्हिडिओ घ्या. एक फोटो जवळून, एक असा की पूर्ण जनावर आणि मागे दुकान दिसेल. जखमेशेजारी एखादं नाणं धरलं तर आकार कळतो. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत वेगळी आणि फोनमधली मूळ फाइल वेगळी. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो हाताशी असला की ते सोपं जातं.

काय थांबू शकतं, काय थांबू शकत नाही

नख खोल कापलं तर रक्त भरपूर येतं, माणूस घाबरतो, पण बहुधा ही साधी जखम असते. स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. घरी असाल तर कॉर्नफ्लोअर दाबूनही रक्त थांबतं. तेवढ्याने थांबलं नाही तर डॉक्टर.

कातडी उघडी पडली असेल, आतलं गुलाबी मांस दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताज्या जखमेला पहिल्या काही तासांत टाके घालता येतात, दुसऱ्या दिवशी तीच जखम दूषित झालेली असते आणि उपचार लांबतात. जखमेत हळद भरू नका, ती काढत बसण्यात डॉक्टरांचा वेळ जातो. मांजराला डेटॉल लावू नका, ते चाटून त्याच्या पोटात जातं आणि त्याला बाधतं. माणसांची दुखण्याची गोळी तर कुणालाच देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर दगावतं, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड जाऊ शकतं.

डोळा मिटून घेत असेल, पाणी येत असेल, पंजाने चोळत असेल तर वाट बघू नका. शाम्पू किंवा ड्रायरच्या झोतामुळे बुबुळावर व्रण पडू शकतो. डॉक्टर हिरवा दिसणारा रंग टाकून तो तपासतात. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब अशा डोळ्यात घातले तर व्रण वाढतो.

सगळ्यांत धोकादायक प्रकार ड्रायरच्या उष्णतेचा. बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून जनावर सुकवायला ठेवलं आणि लक्ष राहिलं नाही, तर चपट्या नाकाचे पग, शिह त्झू आणि पर्शियन सगळ्यांत आधी कोसळतात. मुंबईच्या दमट हवेत धापा टाकूनही त्यांचं अंग थंड होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल झाल्यात, लाळ चिकट आहे, पाय लटपटताहेत असं दिसलं तर नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा किंवा गाडीचा एसी लावा आणि निघा. बर्फ नको. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर तेही तातडीचंच समजा.

काही गोष्टी घरी आल्यावर उघड होतात. क्लिपरचं ब्लेड तापलं किंवा एकाच जागी फिरलं तर कातडी भाजल्यासारखी होते. ती लाली आणि चाटणं काही तासांनी सुरू होतं. गुंतलेल्या कानांचे केस एकदम उतरवले की कुत्रा डोकं झटकत राहतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगते. आणि एक प्रकार पुष्कळांना माहीतच नसतो. आंघोळीनंतर एक-दोन दिवसांनी पाठीवर दुखऱ्या पुळ्या, ताप, हात लावला की किंचाळणं. पाणी घालून पातळ करून ठेवलेल्या शाम्पूच्या बाटलीत जंतू वाढतात आणि जोराने चोळताना ते केसांच्या मुळांत शिरतात. डॉक्टरांना ‘आंघोळ कधी झाली’ हे आपणहून सांगा, निदान लवकर होतं.

नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद असेल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय ही दोन नावं लक्षात ठेवा. जुहूहून दोन्ही लांब आहेत, म्हणून आपल्या भागात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो त्याची चौकशी आजच करून ठेवावी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय हवं

नुसती औषधं लिहिलेली चिठ्ठी पुढे कामाची नसते. जखम कुठे, किती सेंटिमीटर, कडा सरळ की फाटलेल्या, ताजी की जुनी, आणि कशामुळे झाली असावी, एवढं लिहून मागा. ‘ग्रूमरचा निष्काळजीपणा’ असं डॉक्टरांनी लिहावं असा हट्ट धरू नका. ते तिथे नव्हते. ‘धारदार उपकरणाने झालेली ताजी जखम’ एवढं पुरेसं बोलतं. चिठ्ठीवर जनावराचं नाव, वय, जात, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक असावा. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना असेल तर मालकीचा प्रश्नच उरत नाही.

ग्रूमरशी बोलणं

फोनवर ओरडून काही हाती लागत नाही आणि नोंदही राहत नाही. बोला, पण त्याच दिवशी लेखी संदेश पाठवा. भाषा मराठी, हिंदी, कोणतीही चालेल. मजकूर साधारण असा ठेवावा:

‘आज सकाळी ११ वाजता आमची कुत्री चिंगी तुमच्याकडे आंघोळ आणि केस कापण्यासाठी दिली होती. दुपारी दीड वाजता परत घेतली तेव्हा डाव्या कानाच्या टोकाला सुमारे दीड सेंटिमीटरची जखम होती आणि रक्त येत होतं. देताना ही जखम नव्हती. फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत पाठवत आहे. ११ ते दीड या वेळेतलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं, पुसू नये. काम कुणी केलं आणि जखम कधी लक्षात आली ते लेखी कळवावं.’

या मजकुरात एकही विशेषण नाही, शिवी नाही, धमकी नाही. सर्वांत महत्त्वाची ओळ सीसीटीव्हीची आहे. बहुतेक दुकानांतलं चित्रीकरण काही दिवसांत आपोआप नव्याखाली पुसलं जातं. आठवड्याने मागितलं तर ‘नाही’ हे उत्तर खरंही असू शकतं. त्याच दिवशी लेखी मागितलं असेल तर मात्र नंतर ते का नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

समोरच्याचं म्हणणंही ऐका. आपल्याकडूनही काही राहून गेलेलं असतं. चामखीळ असल्याचं सांगितलं नव्हतं, हृदयाचं औषध चालू असल्याचं सांगितलं नव्हतं, चार महिने विंचरलं नव्हतं. दाट गुंत्याखाली आधीपासूनच पुवाळलेली कातडी असते आणि केस उतरल्यावर ती पहिल्यांदा दिसते, तो दोष ग्रूमरचा नव्हे. पण गुंता इतका होता तर ‘हे सोडवता येणार नाही, कातडी लागू शकते’ हे काम सुरू करण्याआधी सांगणं आणि संमती घेणं त्याचं काम होतं.

एक प्रश्न मात्र नक्की विचारा: शांत राहण्यासाठी काही औषध दिलं होतं का? जनावर घरी येऊन तासन्‌तास पेंगत असेल तर हा प्रश्न टाळू नका आणि डॉक्टरांनाही सांगा. गुंगीचं औषध देणं हे पशुवैद्यकाचं काम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नाही. नोंदणीकृत डॉक्टरच चुकला असेल तर तक्रार नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते.

मालक समजूतदार असेल तर इथेच विषय मिटतो. पैसे परत करणं ही त्याची पहिली तयारी असते. तुम्ही उपचाराचा पूर्ण खर्च मागा, त्यात पुढच्या तपासण्या आणि टाके काढण्याचा खर्चही धरा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर ‘सर्व हिशेब मिटला, पुढे काही मागणी नाही’ अशा कागदावर सही करू नका. जखम चिघळली तर तो कागद तुमच्याच आड येईल. त्या दिवशी मिळालेली रक्कम घ्यायला हरकत नाही, ‘उपचारखर्चापोटी अंशतः’ असं लिहून घ्या.

भिंतीवरची पाटी

‘इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी किंवा तसं छापलेला फॉर्म दाखवून ग्राहकाला परत पाठवलं जातं. घाबरू नका. आपली वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणं त्याच्यावर बंधनकारक असतं, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ मध्ये आहे. आपल्या लाडक्या जिवाला कायदा इथे वस्तूत मोजतो याचं वाईट वाटतं, पण हे कलम आपल्याच बाजूचं आहे. ताबा त्यांच्याकडे होता, जखम ताबा असताना झाली, तेव्हा काळजी घेतली होती हे त्यांनी दाखवावं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सेवेतल्या त्रुटीत हयगय स्पष्टपणे धरली आहे आणि ग्राहकावर लादलेल्या एकतर्फी अटींनाही आव्हान देता येतं.

तोडगा निघत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन हुकूम काढू शकत नाही, पण तिथून फोन गेला की बरेच व्यावसायिक बोलायला तयार होतात. जुहूकरांसाठी आणखी जवळची जागा म्हणजे कूपर रुग्णालयामागचं मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन. १९७५ पासून ही संस्था ग्राहकांच्या बाजूने उभी आहे. कागद घेऊन तिथे सल्ला विचारावा, वकिलाच्या नोटिशीवर खर्च करण्याआधी. ग्रूमर अॅपवरून बोलावला असेल तर अॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. तक्रार ऑनलाइनही, ई-जागृती पोर्टलवर, भरता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि ग्रूमिंगचं बिल तिथवर जात नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. उपचारखर्च, ग्रूमिंगचे पैसे, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागता येतो. आकडा मात्र बिलांना धरून ठेवा. पाच हजारांच्या उपचारासाठी पंचवीस लाख मागितले की तक्रारीचं वजन कमी होतं.

पोलिसांकडे जावं का?

हा प्रश्न रागात विचारला जातो, म्हणून थोडं थांबून सांगते. २०२० मध्ये मरिन ड्राइव्हवर जेवण पोहोचवायला निघालेल्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलची धडक बसून कुत्रा मेला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मालकाला कुत्रा मुलासारखा वाटत असला तरी बेदरकार वाहन चालवून माणसाला इजा करण्याची कलमं कुत्र्याला लागू होत नाहीत, आणि प्राण्याला मारण्याच्या कलमासाठी हेतू लागतो, असं न्यायालयाने म्हटलं. वर त्या विद्यार्थ्याला वीस हजार रुपये द्यायला सरकारला सांगितलं. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत ३२५ या क्रमांकाने आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि हेतूची अट तशीच आहे. कात्री चुकली, ही या कलमाखालची तक्रार होत नाही.

मारहाण झाली असेल तर गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यातल्या एका पेट क्लिनिकमध्ये चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्याला बुक्के मारतानाचा व्हिडिओ पसरला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तसं चित्रीकरण किंवा साक्षीदार असेल तर जुहू पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चं कलम ११सुद्धा लावायला सांगा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. कित्येक दशकं हा आकडा तसाच आहे आणि तो बदलायलाच हवा. तरीही नोंद झाली पाहिजे, कारण पुढच्या ग्राहकाला तिचा उपयोग होतो.

सोसायटीच्या ग्रुपवर किंवा समाजमाध्यमांवर लिहायचं असेल तर घडलं तेवढंच लिहा: तारीख, सेवा, जखम, त्यांचं उत्तर. ‘हे कसाई आहेत’ असं लिहिलं की बदनामीची नोटीस तुमच्या दारी येते आणि मूळ जखम बाजूला पडते. काम करणाऱ्या मुलाचं नाव आणि फोटो तर टाकूच नका. पुष्कळदा तो महिन्याभरापूर्वी लागलेला, दिवसाला दहा-बारा कुत्री उरकायला लावलेला असतो. जबाबदारी त्याच्या मालकाची आहे आणि भरपाईही मालकाकडेच मागायची.

पुन्हा टेबलावर

जखम भरली तरी भीती राहते. पुढच्या वेळी क्लिपरचा आवाज आला की कुत्रा लघवी करतो, मांजर पलंगाखाली जातं. लगेच दुसऱ्या पार्लरला नेऊ नका. घरी क्लिपर बंद ठेवून जेवणाच्या भांड्याजवळ ठेवा, काही दिवसांनी दुसऱ्या खोलीत चालू करून खाऊ द्या, मग जवळ आणा. दरम्यान कंगवा रोज, पंजे रोज, म्हणजे मोठ्या कामाची वेळच येत नाही. नवा ग्रूमर निवडताना पहिल्या खेपेला फक्त नखं आणि आंघोळ सांगा, काम बघायला उभं राहू देतात का ते विचारा, पिंजऱ्यात ड्रायर लावतात का ते विचारा, जखम झाली तर कोणत्या डॉक्टरांकडे नेतात ते विचारा. जाण्यापूर्वी दारातच जनावराचे चार बाजूंनी फोटो काढा आणि जुनी जखम, चामखीळ, चालू औषधं त्यांना संदेशाने कळवा. जुन्या जखमेची जागा नव्या ग्रूमरला बोट ठेवून दाखवा. तिथल्या कातडीला अजून काही महिने जपून हात लावावा लागेल.